फितूर पाय

माझ्या मैत्रिणीने आजवर चारेकशे तरी नाचाचे कार्यक्रम पाहिले असतील, आणि त्यातल्या एकाही नाचणारीचं तोंड तिने पाहिलेलं नाही. मी फुगवून सांगत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसणारी मीच साक्षीदार आहे. पडदा वर गेला की तिची नजर रंगमंचाच्या फळ्यांपासून वीतभर उंचीवर जी खिळते, ती शेवटच्या नमस्कारापर्यंत तिथून हलत नाही. वर राधेची घागर फुटतेय, कृष्ण वाट अडवून उभा आहे, सगळं सभागृह हळहळतंय, आणि ही आपली चोरावर पाळत ठेवणाऱ्या फौजदारासारखी घोट्यांकडे बघत बसलेली. एकदा विश्वनाथ गल्लीत एक सुरेख मुलगी वाकून नमस्कार करत म्हणाली, "दादी, पहचाना नहीं? पिछले हफ्ते आपने आशीर्वाद दिया था." ही तिच्या चेहऱ्याकडे कोऱ्या पाटीसारखी बघत राहिली. मग सवयीने नजर खाली गेली, मुलीच्या पावलांवर पडली, आणि हिला एकदम ओळख पटली. "अरे, तुम! तुम्हारा बायाँ पैर थोड़ा अंदर मुड़ता है, बेटा." मुलगी बिचारी पाय लपवत निघून गेली. ती वळणाआड गेल्यावर हिने मला विचारलं, "दिसायला बरी आहे का गं?" दोन हातांच्या अंतरावर उभी होती मुलगी!

आम्ही दोघी बनारसच्या, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या. आमच्या पूर्वजांनी केव्हातरी दक्षिणेतून इथे येऊन वेदपाठशाळा मांडल्या, आणि मग परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात हिंदी इतकी मुरली आहे की पुण्याचे पाहुणे आमच्याकडे दयेने बघतात. नातवंडं तर मराठी फक्त भूक लागल्यावर बोलतात. ज्या गल्लीत पहाटेपासून संहिता घोकण्याचा आवाज असायचा, तिथे ही नाचाची वेडी कुठून निपजली, असं लोक मला विचारतात. मी हसून टाळते. टाळण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. तिच्याविषयी मी हसत-हसत वाटेल तितकं सांगते, आणि जे तिलाच सांगायला हवं होतं, ते छप्पन्न वर्षं सांगितलं नाही. ते पुढे येईलच, चुकत नाही. आधी थोडं हसून घेऊ; नंतर जमेलसं दिसत नाही.

कार्यक्रम सहाचा असला की ही साडेचारला माझ्या दारात. "अगं ए बये, अजून साडीच निवडतेस? लोक नाच बघायला येतात, तुला नाही." मग गल्ल्यांमधून सांड, सायकली आणि शवयात्रा चुकवत आम्ही मैदागिनपर्यंत चालत जायचं आणि तिथून ई-रिक्षा. ई-रिक्षावाल्यालाही ती सोडत नाही. खड्ड्यात चाक आदळलं की मागून हिचा आवाज: "भैया, गड्ढे में भी लय होती है, जरा गिन के चलो." एकाने गाडी थांबवून मला गंभीरपणे विचारलं होतं, "माताजी की तबीयत ठीक है न?" मी म्हटलं, हो हो, दवाखान्यातच नेते आहे. तेवढ्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा रागही मोजका. दोन दिवस म्हणजे दोन दिवस, तिसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीतूनच हाक मारायची. मला वाटायचं, हिच्या रागाचं माप मला कळलं आहे.

सभागृहात पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना 'मुख्य अतिथी' असे कागद चिकटवलेले असतात. ही तो कागद अलगद सोलून काढते, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवते आणि बसते. एकदा संयोजकांपैकी एक गृहस्थ हात जोडून आले. "माताजी, यह डीएम साहब की सीट है."

"डीएम साहब को ताल समझ में आता है?"

"जी... वो तो नहीं पता."

"तो पीछे से भी उतना ही समझेंगे," असं म्हणून हिने मांडीवर शाल पसरली. कलेक्टरसाहेब तिसऱ्या रांगेत बसले आणि अर्ध्या तासाने निघूनही गेले. तेव्हापासून ही स्वतःला दूरदर्शी समजते. दीपप्रज्वलन सुरू झालं की तिचा जीव मेटाकुटीला येतो. सहा माणसं, एक काडी, आणि प्रत्येकाने एकेक वात लावून कॅमेऱ्याकडे बघायचं. "देवघरात एकटी लावते मी पाच वाती, कोणी टाळी वाजवत नाही," हे वाक्य ती दर वेळी म्हणते. निवेदिका कलाकाराचा परिचय वाचायला लागली की हिचा चिवड्याचा डबा उघडतो. परिचयात जितके पुरस्कार, तितके घास. एका बाईंचा परिचय इतका लांबला की डबा संपला आणि हिने शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं, "आपके पास कुछ है?"

पण पहिला ठेका पडला की चिवडा संपतो, बडबड संपते, आणि माझी डावी मांडी कामाला लागते. ताल ती स्वतःच्या मांडीवर कधीच धरत नाही. माझ्या धरते. तीनतालाच्या सोळा मात्रा माझ्या गुडघ्याच्या वर एका विशिष्ट जागी फिरत असतात, आणि चक्र फिरून सम आली, म्हणजे पहिली मात्रा पुन्हा लागली, की तिथे अशी थाप बसते की माझा चष्मा सरकतो. धमारासारख्या जोरकस तालाचा कार्यक्रम असला की मी घरून जाड परकर घालून निघते. इतक्या वर्षांत मला एवढी थपडाथापड होऊनही ताल कळत नाही. अकराव्या मात्रेनंतर माझी मोजणी नेहमी गल्ली चुकते. तिला मात्र नाचणारी पाव मात्रा घसरली तरी कळतं, आणि कळलं की ते पोटात राहत नाही. "लवकर आली!" हे ती कुजबुजते असं तिला वाटतं. तबलजीपर्यंत ऐकू जातं. हल्ली रंगमंचावर निळा उजेड टाकतात आणि यंत्राने धूर सोडतात. पहिल्यांदा तो धूर बघितला तेव्हा ही भर सभागृहात म्हणाली, "अगं, मणिकर्णिकेवरच्या चितांचा इथवर आला की काय?" मागच्या दोन रांगा हसल्या. धुरात नाचणारीचे पाय दिसेनात म्हणून ही चिडून उठली आणि बाजूच्या पंख्याचं बटण स्वतः दाबून आली.

कार्यक्रम संपला की ती थेट मागच्या खोलीत. तिथे शिरायला तिला कोणी अडवत नाही. अडवलं तर ती "घर के हैं" म्हणते. नाचून दमलेली पोर पंख्याखाली बसलेली असते. ही खाली बसकण मारते, तिचं पाऊल सरळ स्वतःच्या मांडीवर घेते आणि तळवा बोटांनी चाचपते, जसा बाजारात खरबूज. "इथे दुखतं ना? रात को सरसों का तेल लगाना, गरम करके." मोठमोठ्या बक्षिसांच्या मुली तिच्यापुढे लहान होतात. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, माझ्या आईनेही कधी माझा पाय हातात घेतला नाही. मी दोघींच्या पर्सा सांभाळत दारात उभी असते. पण एक गोष्ट मी तिथून नेहमी बघत आले. पाय ती हातात घेते, घुंगरांना हात लावत नाही. कोणी कौतुकाने तिच्यापुढे घुंगरांची जोडी धरली तर हात असा मागे घेते की जणू विस्तव. "ते ठेव बाजूला."

त्या हाताची गोष्ट आता सांगते.

सतरा वर्षांची मी म्हणजे दोन वेण्या, गालाला पावडर आणि स्वतःविषयी भलभलते गैरसमज. त्या मुलीला आज गल्लीत पाहिलं तर कान धरून पंचगंगा घाटावर बुचकळून काढीन. पण ती गल्लीत नाही, माझ्यातच राहते आणि जागा सोडत नाही. मैत्रिणीचे वडील वैदिक, घरात विद्यार्थी, आणि घरावर सत्ता तिच्या विधवा आत्याची. त्या घरात 'नाच' हा शब्द उच्चारला की आत्या कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी शिंपडायची. नाच म्हणजे दालमंडीतले नायकिणींचे कोठे, एवढंच तिला ठाऊक. आणि ही पोर दीड वर्ष कबीरचौऱ्याला एका म्हाताऱ्या गुरुजींकडे कथक शिकत होती. घरी सांगायचं, शिवणाचा क्लास. एकटीला सोडणार नाहीत म्हणून बरोबर मी. शिवण येतं हे दाखवायला आम्ही चौकातून तयार उशीचे अभ्रे आणून घरी नेत असू. आत्या ते उलटून टाके बघायची आणि म्हणायची, "हात चांगला आहे पोरीचा." आम्ही गल्लीत येऊन पोट धरून हसत असू.

मीही शिकायला बसले होते, हे मी कोणाला सांगत नाही. आठवडाभर. माझे पाय म्हणजे पाट्यावर आपटलेले दोन वरवंटे. गुरुजींनी आठव्या दिवशी पानाची पिंक टाकली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "बिटिया, तुम सुनो. सुननेवाले भी तो चाहिए." आज मला वाटतं, एवढं खरं आणि एवढं मऊ मला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, भर बाजारात कोणी मुस्काटात मारली. मग मी भिंतीला टेकून बसायची आणि तिची घुंगरं बांधून द्यायची. ती नाचायला लागली की गुरुजींचे डोळे मिटायचे. माझ्याकडे बघून कोणी डोळे मिटले नव्हते. उघडे ठेवून तरी कोणी कुठे बघत होतं?

श्रावणात तिच्या वहिनीची मंगळागौर आली. आमच्याकडची गंमत बघा: नाच म्हणजे पाप, पण मंगळागौरीच्या फुगड्या, झिम्मा, पिंगा हे नाच नव्हे, ते व्रत. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बायका पदर खोचून घुमत होत्या. आत्यासुद्धा भिंतीशी बसून टाळ्या देत होती. झिम्म्याच्या टाळ्या जलद होत गेल्या आणि माझ्या मैत्रिणीचे पाय तिच्या नकळत तिकडे गेले जिकडे दीड वर्ष रोज जात होते. टाचा बोलायला लागल्या. बायका मागे सरकल्या, मध्ये जागा झाली. एकच तुकडा तिने तीनदा घेतला आणि सम अशी धरली की टाळ्याही थांबल्या. एक बाई म्हणाल्या, "अगं, हे कुठं शिकलीस?" ही लाल होऊन म्हणाली, "काही नाही हो, असेच पडले पाय." सगळ्या हसल्या, कोणी तिची दृष्ट काढली, कोणी माझ्याकडे वळून म्हणालं, "तू काय नुसती खांबासारखी? जा ना, फुगडी तरी घाल." आणि खेळ पुढे सुरू झाला. गोष्ट तिथे संपली होती. खरंच संपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, त्यांचं पातेलं देऊन ये. मी गेले. आत्या एकटीच तांदूळ निवडत बसली होती. तिने पातेलं घेतलं, आत बघितलं, म्हणाली, "साखर घालून परत करायची रीत असते, आईला सांग." एवढंच बोलली ती. मी वळायला हवं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आत्या, ती शिवणाला जात नाही. कबीरचौऱ्याला नाच शिकते. घुंगरं माझ्या समोर बांधते." बांधून मी द्यायची, ते मात्र गाळलं. आत्याचा हात तांदळात थांबला. मला अजून आठवतं, मला अगदी हलकं वाटलं होतं. घरी जाऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आठ दिवसांत सगळं उरकलं. घुंगरं आत्याने स्वतः पंचगंगेवर नेऊन बुडवली आणि वर घाटावर न्हाली. गुरुजींकडे निरोपही गेला नाही. माघात हिचं लग्न लागलं, मुगलसरायला, रेल्वेतल्या एका सज्जन माणसाशी. नवऱ्याने तिला कधी दुखावलं नाही; त्याला काही ठाऊकच नव्हतं. मुगलसरायला जायच्या आधी ती माझ्याकडे आली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा दोष नाही गं. मंगळागौरीत माझेच पाय फितूर झाले. आत्या बघत होती हे मला कळायला नको?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फार छान फिरवला. तेवढ्यापुरता माझा हात अगदी तालात होता.

पुढे ती नवऱ्याच्या निवृत्तीनंतर ब्रह्माघाटावर राहायला आली, आणि आमचं कार्यक्रमांना जाणं सुरू झालं. ती स्वतः पुन्हा कधी नाचली नाही. घरच्या लग्नात सुना-मुली ओढायला लागल्या तर खुर्चीचे हात धरून बसायची. "माझ्या पायांवर माझा भरवसा नाही," म्हणायची आणि हसायची. लोकांना तो विनोद वाटायचा. दुसऱ्यांच्या पायांवर ती एवढी नजर का ठेवते, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "बघते गं, आणखी कोणाचे फितूर आहेत का." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. दर वेळी माझ्या तोंडापर्यंत यायचं, आणि दर वेळी मी चिवड्याचा डबा पुढे करायची.

गेल्या कार्तिकात तिच्या मुलाने ठरवलं की आईला आता पुण्याला न्यायचं. पायऱ्या चढवत नाहीत, गल्लीत गाडी येत नाही, वडील गेल्यापासून घरात एकटी, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण बघणार. त्याचं काही चूक नव्हतं. तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. फक्त म्हणाली, जायच्या आधी एक कार्यक्रम बघू. आम्ही गेलो. कागद सोलला, शाल पसरली, सगळं नेहमीचं. नाचणारी मुलगी पंचविशीची असेल. शेवटी तिने बाकीच्या साजिंद्यांना थांबवलं आणि नुसता तबला आणि पाय, एवढंच चालू ठेवलं. माझ्या मांडीवरची थाप हळू होत-होत थांबली. ही पुढे झुकली आणि म्हणाली, "बघ, हिचे पाय कसे मोकळे आहेत. माझे असे असते तर... पण फितूर निघाले."

मला वाटतं, ती चार दिवसांनी जाणार म्हणून मी घाबरले. किंवा ती जाणार म्हणून मला निर्भय वाटलं. खरं काय ते मलाही सांगता येत नाही. मी म्हटलं, "पाय नव्हते. मी होते."

"काय?"

"आत्याला मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी. पातेलं द्यायला आले होते तेव्हा."

तिने मान वळवली नाही. समोर मुलीचे पाय जलद होत गेले, सभागृहात टाळ्या पडायला लागल्या, आणि ही शेवटपर्यंत बघत राहिली. पण बघता-बघता तिचा हात माझ्या मांडीवरून उचलला गेला होता, आणि तो कधी उचलला हे मला कळलं नाही. त्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली नाही. ई-रिक्षातही काही बोलली नाही; रिक्षावाल्याने तीन खड्डे चुकवले नाहीत, तरी नाही. गल्लीत, तिच्या घराकडे वळायच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"आत्याने विचारलं होतं का तुला?"

खोटं बोलायला ही शेवटची संधी होती. आत्यापुढे कोणीही थरथर कापायचं. विचारलं होतं म्हटलं असतं तर तिने मला सोडलं असतं. ती मला सोडवायलाच तो प्रश्न विचारत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही विचारलं."

"मग?"

"तुझ्याकडे सगळे बघत होते."

 एक स्कूटर हॉर्न वाजवत आली, आम्ही दोघी भिंतीला चिकटलो, स्कूटर गेली. "छप्पन्न वर्षं मी माझ्या पायांना शिव्या दिल्या, बये," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतून हाक येईल म्हणून दार उघडं ठेवून बसले; माझी सून म्हणाली, "अम्मा, ठंड आ रही है." हाक आली नाही. ती निघण्याच्या सकाळी मीच गेले. बांधलेल्या सामानाच्या मध्ये ती उभी होती, नेसून-सवरून तयार. मला बघून म्हणाली, "या. बसा."

साठ वर्षांत मला तिने 'अगं ए', 'बये', 'भवाने' यांखेरीज काही म्हटलं नव्हतं. मी बसले. तिने पाहुण्यांसाठी बाहेर ठेवलेल्या कपातून मला चहा दिला, बशीसकट, आणि विचारलं, "साखर बरोबर आहे ना?" मी म्हटलं, बरोबर आहे. मुलगा म्हणाला, "मावशी, पुण्याला या हं एकदा." ती म्हणाली, "हो, या ना." इतकं सभ्य बोलणं आमच्यात कधीच झालं नव्हतं. त्यापेक्षा तिने मला पंचगंगेच्या पायऱ्यांवरून ढकललं असतं तर मी वर येऊन तिचे पाय धरले असते. पण सभ्य माणसाचे पाय धरता येत नाहीत.

त्यानंतर चार महिने गेले. मी फोन केला की ती पूजेत असायची, झोपलेली असायची, फिरायला गेलेली असायची. पुण्याची हवा तिला एवढी मानवली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी दोन कार्यक्रमांना एकटी जाऊन आले. मागच्या रांगेत बसले. मुलींची तोंडं बघितली, सुंदर होत्या.

मग परवा सकाळी तिच्या सुनेचा फोन आला. पोरगी गोड आहे, पण घाबरलेली. "मावशी, तुम्ही आईंना लहानपणापासून ओळखता म्हणून विचारते. त्या रोज सकाळी स्वयंपाकघरात दार लावून पाय आपटतात. आधी वाटलं मुंग्या येत असतील. पण अर्धा-अर्धा तास! खालच्या मजल्यावरचे दोनदा येऊन गेले. ह्यांना काही सांगितलं नाही मी अजून. मावशी, त्या... नाचतात का हो?"

 आमच्या घरात सून भाजी फोडणीला टाकत होती, खाली गल्लीत कोणी दूधवाल्याशी भांडत होतं. मी आवाज होता होईल तेवढा म्हातारा केला.

"नाच?" मी म्हटलं. "तिला कुठला गं येतो नाच! व्यायाम आहे तो. इथल्या वैद्यांनी सांगितलेला, रक्त फिरायला. बंद केला तर पाय आखडतील तिचे. नवऱ्याला सांगू नकोस, उगीच काळजी करेल. खालच्यांना सांग, सतरंजी घालतो."

"असं होय," ती म्हणाली, तिला हायसं वाटलं. "थांबा हं मावशी, दूध उतू जातंय वाटतं." तिने स्वयंपाकघराचं दार उघडून फोन ओट्यावर ठेवला असावा, कारण एकदम पायांचा आवाज आला. फरशीवर, अनवाणी. जुन्या पायांचा, थोडा घसटणारा, पण मधेच टाच अशी लख्ख पडायची. मी मोजायला लागले. अकरापर्यंत पोचले आणि चुकले. पुन्हा पहिल्यापासून धरलं.

पाय थांबले. तिचा आवाज आला, दम लागलेला. "कोणाचा फोन आहे गं?"

"बनारसच्या मावशींचा, आई. देऊ?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.  दुधाचं पातेलं उतरवल्याचा आवाज झाला, गॅस बंद झाला.

मग पाय पुन्हा सुरू झाले. मी फोन ठेवला नाही.